वाचकांचे प्रश्न : बस बाराची, निघते सहाला!

प्रश्न : कामासाठी इथिओपियाला जायचं आहे. तिथलं वर्ष आणि घड्याळ दोन्ही वेगळं असतं म्हणतात. हिशेब कसा करायचा?

उत्तर : आधी घड्याळ, कारण चुकामूक तिथेच होते. तिथे दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आपल्या वेळेतून सहा वजा करा, की त्यांची वेळ आली. कुणी ‘बाराची बस’ म्हणालं तर ती बहुधा पहाटे सहाची. विमानाच्या तिकिटावर मात्र आंतरराष्ट्रीय वेळच असते. तोंडी ठरवताना ‘तुमच्या घड्याळाने का?’ हे विचाराच.

वर्षात तेरा महिने : बारा तीस दिवसांचे, तेरावा ‘पागुमे’ पाच दिवसांचा, दर चौथ्या वर्षी सहा. नवं वर्ष 11 सप्टेंबरला, कधी 12ला. ख्रिस्तजन्माची गणना वेगळी असल्याने सप्टेंबर ते डिसेंबर सात, पुढे आठ वर्षांचा फरक पडतो. त्यांचं 2000 साल 12 सप्टेंबर 2007ला उजाडलं! कागदपत्रांवरची तारीख म्हणूनच दोनदा तपासा.

कॉफीला बोलावलं तर वेळ काढून जा. समोरच बी भाजून, कुटून, ‘जबना’ या मातीच्या सुरईत उकळतात. एकाच चोथ्यावर तीन फेऱ्या होतात : अबोल, तोना, बरका. तिसरीआधी उठणं बरं दिसत नाही.

इतिहास वाचायचा तर 1896च्या अडवाच्या लढाईपासून सुरुवात करा; तिथे सम्राट मेनेलिक दुसरा याच्या फौजेने इटलीला हरवलं. आणि आपला मलिक अंबर जन्माने तिकडचाच.