डेमन आवडतो म्हणून घाबरू नका

"मॅडम, आमची मुलगी रात्रंदिवस ते व्हँपायरचं बघत असते. पुस्तकंही तसलीच वाचते. आणि त्यातला जो वाया गेलेला आहे ना, तोच तिला आवडतो! उद्या असाच कुणी आवडला म्हणजे?"

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न मला इतक्या आयांनी विचारलाय की वाक्य कुठे जाणार, ते आता अर्ध्यातच कळतं. बाबामंडळींची काळजी वेगळी असते: रक्तबिक्त बघून डोक्यावर परिणाम होईल का? तो होत नाही, निश्चिंत राहा. आयांची शंका मात्र मी हसण्यावारी नेत नाही.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एल. जे. स्मिथ या अमेरिकी लेखिकेची 'द व्हँपायर डायरीज' ही पुस्तकं १९९१ पासून येऊ लागली. त्यावरची टीव्ही मालिका २००९ ते २०१७ अशी ८ सीझन चालली, १७१ भाग झाले. आईवडील गमावलेली एलेना आणि तिच्यावर जीव टाकणारे दोन व्हँपायर भाऊ. स्टेफन सज्जन, डेमन बेफाम. डेमन माणसं मारतो, रागाच्या भरात एलेनाच्या भावाची मानसुद्धा मोडतो (तो जादूच्या अंगठीमुळे वाचतो), आणि तरी शेवटी एलेना डेमनचीच होते. २००५ च्या 'ट्वायलाइट' या कादंबरीत तर एडवर्ड हा व्हँपायर रात्री नायिकेच्या, बेलाच्या, खोलीत शिरून तिला झोपलेली बघत बसतो. तिला पत्ताही नसतो, आणि वाचणाऱ्याला हे प्रेमच वाटावं अशी सगळी मांडणी आहे.

म्हणजे आयांना वाटणारी भीती हवेतली नाही. पण त्यावरचा त्यांचा उपाय ठरलेला असतो, पासवर्ड बदलायचा. तिथे माझं त्यांच्याशी पटत नाही.

ईशाची गोष्ट सांगते. नाव आणि बाकीचे तपशील बदललेत, तिची परवानगी आहे. बारावीतली मुलगी, चुणचुणीत. आईने आणलं ते 'मालिकेचं व्यसन' म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळलं की एक मुलगा आहे. त्याला तिचं लोकेशन सतत चालू लागतं. माझ्याकडे बसलेली असतानाही मेसेज यायचा, "कुठेयस? फोटो पाठव." ती बोलता बोलता फोन उचलायची, माझ्यामागच्या भिंतीचा फोटो काढायची, पाठवायची आणि तुटलेलं वाक्य पुढे चालू करायची. जांभई द्यावी इतक्या सहज.

"तो इतरांशी तुसडाच वागतो मॅम," ती म्हणाली, "पण माझ्याशी नाही. माझ्यासाठी तो बदलतोय."

हे वाक्य खोडून काढायचा मोह भल्याभल्यांना होतो. मी ते तसंच राहू दिलं. माझी धारणा अशी आहे की माणूस स्वतःबद्दलची एक गोष्ट मनात बाळगून जगतो, आणि ती गोष्ट बाहेरच्या कुणी खोटी ठरवून बदलत नाही. त्याच गोष्टीतली दुसरी एखादी जागा त्याला दिसावी लागते. मी मालिकेबद्दल विचारत राहिले. मग एकदा विचारलं, "हे बघताना तू कोण असतेस?"

"एलेना! अजून कोण?"

"कॅरोलाइन कधी झाली नाहीस?" कॅरोलाइन म्हणजे मालिकेतली एलेनाची मैत्रीण.

ती हसली. "तिला कोण होईल? सुरुवातीला तर डेमन तिला नुसता…" आणि थांबली. "वापरतो."

"मला कॅरोलाइनची गोष्ट सांग. एलेना त्यात नाहीच, असं समजून."

बराच वेळ सांगत होती. पहिल्या सीझनमध्ये डेमन कॅरोलाइनचं रक्त पितो, डोळ्यांत डोळे घालून हवं ते करायला लावतो, नको ते विसरायला लावतो. तिला वाटतं, आपल्याला देखणा बॉयफ्रेंड मिळालाय. चाव्याच्या खुणा झाकायला ती गळ्याला स्कार्फ बांधते. दुसऱ्या सीझनमध्ये ती स्वतःच व्हँपायर होते, सगळं आठवतं, आणि ती ते डेमनला तोंडावर ऐकवते.

फोन वाजला. ईशाने तो हातात घेतला, भिंतीकडे धरला, पण फोटो काढला नाही.

"मैत्रिणी बोलावतात ना, तेव्हा मी सांगते, आई सोडत नाही." मग हळूच, "आई तर सोडते. तो सोडत नाही."

मी काहीच बोलले नाही.

"म्हणजे मॅम, मी आईचा स्कार्फ केलाय."

असं वाक्य आपण कुणाला देऊ शकत नाही, ते तिलाच सापडावं लागतं. समुपदेशकाने फक्त त्याच्या आड यायचं नसतं, आणि हे वाटतं तितकं सोपं नाही, एवढं मी अनुभवाने सांगू शकते.

या कथांमध्ये धोका रक्तात नसतो, एलेनाच्या जागेत असतो. साऱ्या जगाशी क्रूर असलेला माणूस त्या एकाच मुलीशी हळवा असतो, आणि बघणारी प्रत्येक जण स्वतःला तीच समजते. प्रत्यक्षात अशा मुलाच्या आयुष्यात कॅरोलाइनचीच जागा रिकामी असते. गंमत म्हणजे स्मिथच्या पुस्तकांत कॅरोलाइन ही एलेनावर जळणारी मुलगी आहे. मालिकेने तिला वाढू दिलं, तिची बाजू दिली. म्हणून आयांनो, मालिका बंद केलीत तर त्यातलं औषधही बाहेर जाईल. शेजारी बसून दोन भाग बघा. "हा कसला हिरो!" असं म्हणू नका, ती लगेच त्याची वकील होईल. त्याऐवजी, ज्याला कुणी हिरो म्हणत नाही अशा एखाद्या पात्राचं काय झालं, ते विचारा आणि उत्तराची घाई करू नका. उत्तर कधी कधी आठवड्याने येतं, भाजी निवडताना.

ईशाने त्या मुलाला लगेच सोडलं नाही. आधी लोकेशन बंद केलं. तो आठवडाभर रुसला, मग ओरडला, आणि त्या ओरडण्याने बाकीचं काम केलं. डेमन तिला आजही आवडतो. माझी त्याला हरकत नाही.

मात्र मुलगा धमक्या देत असेल, फोटो पसरवीन म्हणत असेल किंवा हात उचलत असेल, तर गोष्टी उलगडत बसू नका. मुलगी अठराच्या आत असेल तर १०९८, वरची असेल तर १८१, आणि तातडीचं असेल तर ११२ ला फोन करा. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. आणि तिला आधी हे सांगा की फोन काढून घेणार नाही. त्या भीतीपोटीच मुली महिनोन्महिने गप्प राहतात.