वाचक विचारतात : मूर्ख राजा ओळखायचा कसा?

प्रश्न : आमच्या मंडळाचा नवा अध्यक्ष जेमतेम तिशीचा आहे. ‘पोर राजा असलेल्या देशाची दैना होते असं बायबलच सांगतं,’ असं एका ज्येष्ठ सभासदाने भर सभेत सुनावलं. खरंच तसं लिहिलंय का? – एक सभासद, इंदूर

उत्तर : लिहिलंय, पण त्यांनी अर्धंच सांगितलं. उपदेशक 10:16 मध्ये पोर राजासोबत सकाळीच मेजवानीला बसणारे सरदारही आहेत, आणि खरा रोख त्यांच्यावर आहे. दोनच वचनांनंतर आळसाने खचलेलं छप्पर आणि गळकं घर येतं. उलट त्याच पुस्तकात 4:13 ला म्हटलंय की, सल्ला ऐकेनासा झालेल्या म्हाताऱ्या मूर्ख राजापेक्षा गरीब पण शहाणा तरुण बरा. हे वचन सभेत कुणी वाचलेलं दिसत नाही!

पोर राजा आणि बेबंद सरदार म्हणजे काय, हे इंदूरकरांना बायबलमधून शिकायला नको. 1811 मध्ये यशवंतराव होळकर गेले, लहानगा मल्हारराव गादीवर आला. डिसेंबर 1817 मध्ये इंग्रजांविरुद्धच्या महिदपूरच्या लढाईच्या तोंडावर होळकरांच्याच सरदारांनी कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना ठार केलं. लढाई हरली आणि जानेवारी 1818 मध्ये मंदसौरचा तह पदरात पडला. यात त्या पोराचा दोष काय?

प्रश्न : मग मूर्ख नेता ओळखायचा कशावरून?

उत्तर : तो सल्ला कुणाचा घेतो आणि कोणत्या क्षणी घेतो, त्यावरून. 1 राजे, अध्याय 12 सावकाश वाचा. इस्राएलचा राजा शलमोन याचा मुलगा रहबाम शखेम नगरीत राज्याभिषेकासाठी गेला, तेव्हा लोकांची मागणी एकच होती : बापाने लादलेलं जू हलकं कर. त्याने 3 दिवस मागितले. इथवर चुकलं काहीच नाही. वडीलधाऱ्यांनी सांगितलं, आज यांच्याशी गोड बोल, हे कायमचे तुझे होतील. त्याने तो सल्ला आधी टाकला आणि मग आपल्याबरोबर वाढलेल्या मंडळींना विचारलं. म्हणजे विचारणं नुसतं नावाला. हवं ते उत्तर मिळेपर्यंत माणसं बदलायची. ‘बापाने चाबकाने मारलं, मी विंचवांनी मारीन’ हे उत्तर त्यातूनच आलं.

यापुढची चूक मला जास्त बोलकी वाटते. लोक बिथरल्यावर त्याने त्यांच्याकडे कुणाला पाठवलं? अदोरामला, म्हणजे वेठबिगारीवरच्या मुख्य अधिकाऱ्याला! ज्या गोष्टीची तक्रार, तिचाच मुकादम. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं, राजा रथात बसून यरुशलेमला पळाला आणि इस्राएलचे उत्तरेकडचे वंश त्याच्या राज्यापासून कायमचे तुटले. 14:21 नुसार गादीवर आला तेव्हा रहबामचं वय 41 होतं. पोर म्हणायची सोय नाही.

प्रश्न : चांगली माणसं पद नको म्हणतात, हा त्यांचाच दोष नाही का?

उत्तर : शास्ते, अध्याय 9 मध्ये योथामने सांगितलेली झाडांची गोष्ट आहे. राजा व्हायला निघालेल्या अबीमलेखाने आपले भाऊ मारले, त्यातून वाचलेला धाकटा तो योथाम. जैतून, अंजीर, द्राक्षवेल राजेपद नाकारतात; काटेरी झुडूप लगेच तयार होतं आणि म्हणतं, माझ्या सावलीला या, नाहीतर आगीत जळा. पण योथाम नकार देणाऱ्या झाडांना बोल लावत नाही, त्याचा संताप शखेमकरांवर आहे. त्यांनी देवळातली चांदीची 70 नाणी अबीमलेखाला दिली, त्या पैशावर त्याने गुंड पोसले आणि भावांची कत्तल केली. तेव्हा निवडणुकीत कुणाचा पैसा फिरतोय, ते आधी पाहा.

उमेदवार पारखायला निर्गम 18:21 ची यादी पुरते : कर्तबगार, देवाला भिणारा, विश्वासू, लाचेचा तिटकारा असणारा. शिवाय अनुवाद 17:18-19 नुसार राजाने नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून ती रोज वाचायची होती. तुमचं मंडळ मध्य प्रदेशच्या 1973 च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेलं असेल, तर नियमावली तुमच्याकडेही आहे. अध्यक्षाने ती पहिल्याच बैठकीत मोठ्याने वाचावी. हिशेबाच्या कलमाशी आवाज बारीक झाला, तर तिथेच हात वर करून विचारा.