'शाश्वत' कापूस आणि लक्झरी ब्रँड: लेबलपासून जिनपर्यंत उलटं तपासा

ताई, तुमचा प्रश्न असा: जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडे घरची कपाशी, मुलगी पुण्यात नोकरीला, तिला एका इटालियन लक्झरी ब्रँडचा ऑरगॅनिक कापसाचा टी-शर्ट आणि चामड्याची बॅग घ्यायची आहे. ब्रँडच्या संकेतस्थळावर 'शाश्वत' आणि 'नैतिक' हे शब्द पानोपानी आहेत. त्यावर विश्वास ठेवायचा का? आणि एवढी किंमत घेतात म्हणजे मजुरांना नीट पैसे देत असतील, असं धरायचं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, तसं धरू नका. जून २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने डिओर या फ्रेंच लक्झरी ब्रँडच्या बॅगा बनवणाऱ्या उपकंपनीवर प्रशासक नेमला. कामं पोटठेकेदारांकडे गेली होती, मजूर कारखान्यातच झोपत होते, काम भराभर व्हावं म्हणून यंत्रांची सुरक्षा साधनं काढून ठेवलेली होती. दुकानात २,६०० युरोला विकल्या जाणाऱ्या बॅगेच्या जोडणीचे ठेकेदाराला ५३ युरो मिळत होते, चामडं वगळून. ही फौजदारी शिक्षा नव्हती. पुरवठादारांवर लक्ष ठेवण्यात कसूर झाली, एवढंच न्यायालयाने धरलं. त्याआधी एप्रिलमध्ये अरमानी या इटालियन ब्रँडच्या उपकंपनीवर आणि जुलै २०२५ मध्ये लोरो पियाना या दुसऱ्या इटालियन ब्रँडवर अशीच कारवाई झाली. 'मेड इन इटली' एवढ्याने शिलाई कोणाच्या हातची आणि किती मजुरीची, ते कळत नाही.

आता कापूस. यात तुम्हाला ब्रँडच्या माणसापेक्षा जास्त कळतं, म्हणून थोडं सविस्तर.

२०० ग्रॅमचा टी-शर्ट घ्या. कटिंगमध्ये सुमारे १५ टक्के कापड जातं, म्हणजे २३५ ग्रॅम कापड लागलं. कोम्ब्ड (विंचरून आखूड तंतू काढलेलं) सूत असेल तर कताईत २० टक्क्यांच्या आसपास घट, म्हणजे २९५ ग्रॅम रुई. रुईचा उतारा (कपाशीतून निघणारी रुई) ३४ टक्के धरला तर ८६५ ग्रॅम कपाशी. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. त्या हिशोबाने शेतकऱ्याला ७० रुपये, सरकीसकट. शर्टाची किंमत तीस हजार असो की चाळीस, हा आकडा ७० च्या आसपासच राहतो. कापसाला दुप्पट भाव दिला तरी ब्रँडच्या किमतीत फरक दिसणार नाही. म्हणून 'शेतकऱ्याला बाजारभावावर किती जास्त दिले' हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि त्याचं उत्तर रुपयांत मागायला हवं.

ऑरगॅनिकचा दावा सगळ्यात जास्त कच्चा पडतो तो जिनिंगमध्ये, म्हणजे जिन कारखान्यात सरकी आणि रुई वेगळी करताना. खेडा खरेदीत व्यापारी दहा घरचा माल एका ट्रकमध्ये भरतो, जिनच्या आवारात एकच ढीग लागतो, आणि १७० किलोची गाठ बांधली की कोणाच्या शेतातलं काय, हे सांगता येत नाही. ऑरगॅनिक माल वेगळा ठेवायचा तर ढिगाला स्वतंत्र जागा लागते, आधीची रुई यंत्रातून झाडून काढावी लागते, सुरुवातीची रुई बाजूला टाकावी लागते, गाठींना क्रमांक द्यावे लागतात. हंगामात दिवसरात्र चालणाऱ्या जिनला हे परवडत नाही, म्हणून टाळलं जातं. शिवाय देशातल्या कपाशीच्या ९० टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेलं बियाणं आहे. ऑरगॅनिकला बीटी चालत नाही, नॉन-बीटी बियाणं वेळेवर मिळत नाही, आणि प्रमाणपत्रासाठी किमान २ वर्षांचा रूपांतर काळ लागतो. त्या काळात उत्पन्न घटतं आणि जास्तीचा भावही मिळत नाही. बीटी आहे की नाही हे सरकीत, रुईत तपासता येतं. रंगवलेल्या कापडात चाचणीचा भरवसा उरत नाही. तयार शर्ट प्रयोगशाळेत देऊन काही हाती लागणार नाही.

खोटेपणा पकडण्याचा सोपा मार्ग गाठींचा हिशोब. समजा एका गटाकडे ५०० एकर ऑरगॅनिक, कोरडवाहू, एकरी ५ क्विंटल. २,५०० क्विंटल कपाशी, ८५० क्विंटल रुई, म्हणजे ५०० गाठी. व्यवहार प्रमाणपत्रांवर (ऑरगॅनिक मालाच्या प्रत्येक विक्रीसोबत मिळणाऱ्या कागदांवर) ९०० गाठी दिसल्या तर ४०० बाहेरच्या आहेत. ग्राहकाला ही कागदपत्रं मिळत नाहीत, पण ब्रँडला मिळतात. २०२० मध्ये गॉट्सनेच (GOTS, ऑरगॅनिक कापडाचं जागतिक मानक चालवणारी संस्था) भारतातला सुमारे २०,००० टन कापूस बनावट कागदांवर ऑरगॅनिक म्हणून विकला गेल्याचं उघड केलं होतं.

तरी गॉट्सचं लेबल आजही बाकीच्यांपेक्षा बरं, असं माझं मत. त्यात रंग-रसायनं आणि कामगारांच्या अटीही तपासल्या जातात. 'ऑरगॅनिक' दर्जाला किमान ९५ टक्के ऑरगॅनिक धागा लागतो, 'मेड विथ ऑरगॅनिक'ला ७० टक्के. लेबलवर प्रमाणन संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असतो. तो गॉट्सच्या खुल्या यादीत टाकून पाहा. नाव जुळलं नाही किंवा क्रमांकच नसला तर दावा सोडून द्या. ओसीएस (ऑरगॅनिक कंटेंट स्टँडर्ड) हे दुसरं लेबल फक्त धागा मोजतं, मजूर किंवा रंग नाही; त्याच्या 'ब्लेंडेड' लेबलला ५ टक्के ऑरगॅनिकही पुरतं. 'बेटर कॉटन' ही आणखी एक योजना, पण ती म्हणजे ऑरगॅनिक नव्हे. त्यात बीटी चालतं, आणि 'मास बॅलन्स' पद्धतीत ब्रँड तेवढ्या वजनाचा कापूस खरेदीच्या हिशोबात दाखवतो. तुमच्या शर्टातला धागा त्याच शेतांचा असेलच असं नाही.

मजुरांबद्दल वाचायचं तर 'आमची मूल्यं' हे पान सोडा आणि ब्रिटनच्या २०१५ च्या मॉडर्न स्लेव्हरी (आधुनिक गुलामगिरीविरोधी) कायद्याखालचं निवेदन उघडा. तिथे ३.६ कोटी पौंडांच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ते दरवर्षी द्यावं लागतं. किती कारखाने तपासले, किती ठिकाणी काय गैर सापडलं, पुढे काय केलं, हे आकडे शोधा. 'काहीही आढळले नाही' असं लिहिणाऱ्यापेक्षा '१४ ठिकाणी ओव्हरटाइमची थकबाकी सापडली, दिली' असं लिहिणारा मला जास्त विश्वासाचा वाटतो. पुरवठादारांची यादी शिलाईपाशीच थांबते की विणकाम, रंगाई, सूतगिरणीपर्यंत जाते, तेही पाहा. रंगाईचं सांडपाणी आणि बहुतेक कार्बन शिलाईच्या मागच्याच टप्प्यांत असतो. कार्बन कमी करण्याचं उद्दिष्ट 'प्रति नग' दिलं असेल तर नग वाढले की एकूण धूर वाढतोच.

बॅगेचं थोडक्यात: एलडब्ल्यूजीचं (लेदर वर्किंग ग्रुप) सुवर्ण किंवा रौप्य मानांकन टॅनरीचं (चामडं कमावण्याच्या कारखान्याचं) पाणी, वीज, रसायन यांबद्दल आहे, जनावर कसं वाढवलं याबद्दल नाही. न खपलेल्या मालाचं काय करतात, तेही विचारा. बर्बेरी या ब्रिटिश ब्रँडने २०१७-१८ या एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केला होता. ओरड झाल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये बंद केलं.

मुलीला ग्राहक सेवेला एवढं लिहायला सांगा: या शर्टाचा कापूस कोणत्या देशातला, जिन आणि सूतगिरणी कोणती? शेतकऱ्याला बाजारभावावर किती जास्त दिले? बॅग कोणत्या कारखान्यात जोडली, तिथे पोटठेका चालतो का? दुरुस्ती किती वर्षं आणि कोणत्या दराने करून देता? नावं आणि आकडे आले तर घ्यायला हरकत नाही. नुसतं धोरणपत्र आलं तर बॅग वापरलेली, पावतीसह, चांगल्या अवस्थेतली शोधावी. शिवण, कडांचा रंग आणि चेन हाताने तपासून घ्यावी. दुरुस्तीचा खर्च बहुतेक तिथेच येतो.