दिव्यांभोवतीची गळती: मोटारहोमधारकांचे प्रश्न

प्रश्न (न्यू जर्सी): पाऊस झाला की माझ्या मोटारहोममध्ये (राहण्याची सोय असलेल्या गाडीत) चालकाच्या डोक्यावरील पलंगाची गादी एका कोपऱ्यात भिजते. छताचे सांधे दोनदा भरले, तरी गळती थांबत नाही.

उत्तर: आता छत सोडून गाडीच्या कपाळावरील नारिंगी दिव्यांकडे पाहावे. अमेरिकेत 80 इंच किंवा त्याहून रुंद वाहनांना ते सक्तीचे आहेत. समोरच्या अशा पाच दिव्यांपैकी प्रत्येकामागे वायरसाठी एक आणि स्क्रूसाठी बहुधा दोन भोके असतात. म्हणजे वेगात धावताना पावसाचा मारा जिथे थेट बसतो, नेमकी तिथेच पंधरा भोके पाडलेली असतात. दिव्यामागचे फोमचे गॅस्केट (पाणी अडवणारी मऊ पट्टी) उन्हाने कडक झाले की पाणी वायरीच्या वाटेने आत शिरते, लाकडी चौकटीवरून ओघळते आणि भलतीकडेच बाहेर येते. म्हणून डाग आहे तिथेच गळती आहे, असे धरून चालू नये. एकाने आत बसावे आणि दुसऱ्याने नळीचे साधे पाणी खालून वर सरकत प्रत्येक दिव्यावर काही मिनिटे सोडावे. वरून सुरुवात केल्यास ओघळामुळे नेमका दिवा सापडत नाही.

प्रश्न: दिव्याच्या कडेने बाहेरून सिलिकॉन फिरवले तर चालेल का?

उत्तर: कृपया तसे करू नये. जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन धरत नाही, आणि आत शिरलेले पाणी कोंडले गेले की लाकूड कुजते. दिवा काढायलाच हवा. निघालेला स्क्रू गंजून काळा पडला असेल आणि त्याच्या आट्यांना चहाच्या चोथ्यासारखा ओला भुगा चिकटलेला असेल, तर आतली लाकडी पट्टी कुजली आहे. ती बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. लाकूड शाबूत असल्यास जुना थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्यावी, वायरचे भोक सीलंटने (फटी बुजवणाऱ्या लगद्याने) भरावे आणि दिव्याच्या पाठीला ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बेताने आवळावेत, कारण जोर केल्यास प्लास्टिकला तडा जातो. दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा किंचित आवळून बाहेर आलेली टेप कापावी. वरची कड आणि दोन्ही बाजू सीलंटने बंद कराव्यात, खालची मात्र मोकळी ठेवावी. चुकून आत गेलेल्या पाण्याला वाट हवी.

प्रश्न (पुणे): ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेल्या कॅम्परला (राहण्याच्या गाडीला) बाजूचा दिवा नव्याने बसवायचा आहे. पावसाळा तोंडावर आला आहे.

उत्तर: पत्र्याच्या गाडीत पहिली काळजी गंजाची घ्यावी. भोकाची कड कानशीने गुळगुळीत करून तिला गंजरोधक प्रायमर लावावा, तो वाळल्यावर रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेत बसणारे कडे) बसवावे. वायर आत नेण्यापूर्वी भोकाच्या खाली तिला छोटा झोळ द्यावा, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडतो.

प्रश्न: दिव्याच्या काचेत नुसतेच दव साचते. काळजीचे कारण आहे का?

उत्तर: भिंतीला त्यापासून सहसा धोका नसतो. काचेखालची रबरी रिंग बदलावी, निचऱ्याचे छिद्र असल्यास ते मोकळे करावे आणि विजेच्या संपर्कांवर हिरवा थर चढला असेल तर तो घासून काढावा.