खंड पडल्यावर पुन्हा लिहायला कसं बसावं?

तुम्ही विचारलंय की बाळंतपणानंतर कथालेखन सुटलं, आता दुपारी थोडा वेळ मिळतो, पण वही उघडली की काहीच सुचत नाही. सवय परत कशी लावायची?

वडिलांच्या आजारपणात माझंही लिखाण असंच थांबलं होतं, त्या अनुभवावरून सांगते. अर्धवट राहिलेली मोठी कथा इतक्यात बाहेर काढू नका. ती वाचली की 'तेव्हा किती छान लिहीत होते' असं वाटतं आणि हात आखडतो.

मला उपयोग झाला तो नकलून काढण्याचा. माझीच एक जुनी, छापून आलेली कथा वहीत उतरवायला घेतली, रोज पानभर. सुचायला हवं हे ओझंच नव्हतं, त्यामुळे बसायची धास्ती गेली. वाक्य कुठे संपवायचं, संवाद कुठे तोडायचा, हे हाताला हळूहळू आठवू लागलं. कथेत एक सासू पोळपाट धुऊन भिंतीला टेकवते आणि लगेच सुनेला बोलते. ते उतरवताना वाटलं, ही आत्ता बोलणार नाही. आधी लाटणं धुवेल, ओटा पुसेल, फडकं पिळून वाळत घालेल, आणि सून तोवर दारात उभी राहील. तिथे नक्कल सुटली आणि नवं लिखाण सुरू झालं.

अँथनी ट्रोलोप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा. समोर घड्याळ ठेवून पाव तासाला २५० शब्द, हा त्याचा नेम प्रसिद्ध आहे. तो तुम्ही सोडून द्या. त्याला पहाटे उठवून कॉफी द्यायला पगारी माणूस होता, तुमच्याकडे तान्हं मूल आहे. घ्यायची ती त्याची दुसरी सवय: बसल्यावर पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिखाण वाचायचा. तुम्ही दहा मिनिटं वाचा. आणि उठताना, पुढचं वाक्य डोक्यात तयार असतानाच थांबा. खाली दोन शब्दांत त्याची खूण करून ठेवा.

घड्याळातली वेळ ठरवण्यापेक्षा लिखाण बाळाच्या दुपारच्या झोपेला जोडा. बाळ झोपलं की आधी वही, भांडी नंतर. हे घरच्यांना स्पष्ट सांगा, कारण बाईची ती वेळ सगळ्यांना मोकळीच वाटते, आणि त्याचा मला अजूनही राग येतो.

शिवाय कुणीतरी वाट बघणारं हवं. आपल्याकडे त्यासाठी दिवाळी अंक आहेत. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. संपादक साहित्य बरेच महिने आधी मागवतात, म्हणजे आपोआप मुदत मिळते. छोट्या अंकांना नव्या कथा हव्याच असतात. यंदा चार पानांचीच कथा पाठवा. अर्धवट राहिलेल्या मोठीला त्यानंतर हात घाला.