वैमानिकांच्या करारात आधी काय मागावं?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): मी प्रादेशिक विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. संघटनेची बोलणी सुरू होतायत. ताशी दर वाढवून मागावा का?

उत्तर: दरावर अडून बसू नका, हमीचे तास आधी मागा, म्हणजे कमी उडालात तरी निदान तेवढ्या तासांचे पैसे मिळतात. उड्डाण भत्ता म्हणजे दर गुणिले तास, आणि तास कंपनीच्या हातात. समजा दर ३,५०० रुपये आणि हमी ४० तासांची. उड्डाणं कमी असलेल्या महिन्यात १,४०,००० मिळतील. दर ३,०००च ठेवून हमी ६० तासांची मिळवलीत, तर १,८०,०००. सत्तर तास उडालात की पहिला करार भारी वाटेल, खरंय. पण विमान देखभालीला गेलं, फेऱ्या रद्द झाल्या, की तुमचा वाढीव दर कागदावरच राहतो.

मग ब्लॉक तास, म्हणजे चाकांपुढचे अडसर (चोक) काढल्यापासून पुन्हा लागेपर्यंतचा वेळ. वेळापत्रकातला आणि प्रत्यक्षातला यांपैकी जास्त असेल तो धरावा, असं लिहून घ्या. पावसाळ्यात सांबऱ्याला, बेळगावच्या विमानतळावर, उतरता आलं नाही आणि विमान दुसरीकडे वळवलं, तर तिथे ताटकळलेल्या वेळेचं काय? स्टँडबायचे, म्हणजे बोलावण्याची वाट पाहत तयार राहण्याचे तास कसे मोजणार? गोम अशाच कलमांत असते.

प्रश्न (खानापूर): आमचे यजमान वैमानिक आहेत. विश्रांतीचे नियम सरकारचेच असताना ते करारात कशाला?

उत्तर: सरकार ते सैल करू शकतं म्हणून. डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाने, साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली आणि तिच्या जागी रजा धरायला मनाई केली. डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं धडाधड रद्द झाल्यावर ही मनाईच मागे घेतली गेली. तीच मनाई करारात लिहिलेली असेल तर कंपनी त्याला बांधील राहते. सुट्टीच्या दिवशी बोलावल्यास किती पट भत्ता, हेही तिथेच ठरवावं.

प्रश्न (निपाणी): मुलाकडून ट्रेनिंगचा बाँड लिहून घेतलाय, मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचे. संघटना काय करू शकते?

उत्तर: रक्कम दरमहा सारख्या प्रमाणात घटावी आणि कंपनीनेच काढलं तर बाँड रद्द व्हावा, एवढं मागावं. नोकरी सोडण्याची नोटीस वेगळी: २०१७ च्या नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिने, कमांडरला (मुख्य वैमानिकाला) बारा. नोटिशीचा काळ बाँडमध्ये धरून घ्या.

प्रश्न (चिकोडी): मेडिकलमध्ये तात्पुरतं अनफिट ठरवलं तर?

उत्तर: लायसन्स गेल्यास पैसे देणारा विमा सहसा कायमच्या अपात्रतेसाठी असतो. तात्पुरत्या काळात उड्डाण नाही, म्हणून भत्ता नाही. घराचा हप्ता मात्र चुकत नाही. निदान काही महिने हमीच्या तासांचा भत्ता मिळावा असं कलम हवं. फेरतपासणीचा खर्च कुणी करायचा, तेही त्यातच घाला.