काका, मशीनचं नंतर बघू, आधी तो पॉलिसीचा बाँड काढा

नागपूरच्याच एका काकांचं पत्र आलंय. वय 60, मार्चमध्ये प्रायव्हेट नोकरीतून रिटायर झाले, हातात 38 लाख आले. आता दिवस जात नाही म्हणून मेटल डिटेक्टिंगचा छंद लावून घ्यायचाय. रामटेककडे वडिलोपार्जित शेत आहे आणि आजोबा सांगायचे की बांधाजवळ भोसल्यांच्या काळातला हंडा पुरलाय. एक मशीन 68 हजारांचं पाहिलंय, दुसरं 'लाँग रेंज लोकेटर' 1 लाख 85 हजारांचं. प्रश्न एवढाच, की ईएमआयवर घेऊ की रोख? आणि शेवटी सहज एक वाक्य, 'बाकी पैशांचं टेन्शन नाही, बँकेतल्या मॅडमनी 4 लाख डबल होणाऱ्या स्कीममध्ये टाकून दिलेत, बाँड 17 दिवसांपूर्वी घरी आला.' सोबत बाँडच्या पानाचा फोटो, कोपऱ्यात अंगठा आलेला.

काका, मशीन राहू द्या बाजूला. तो अंगठा हटवून खालचे दोन आकडे वाचा. पॉलिसी टर्म (विम्याची मुदत) 20 वर्षं, प्रीमियम पेमेंट टर्म (हप्ते भरायची मुदत) 10 वर्षं. म्हणजे ही एकदा टाकून विसरायची स्कीम नाही, दरवर्षी 4 लाख असे 10 वर्षं भरायचेत, टोटल 40 लाख. तुमच्याकडे आयुष्याची पुंजी 38! मॅडमला हे दिसत नव्हतं असं मला तरी वाटत नाही, तुमचंच खातं तिच्या स्क्रीनवर होतं ना बाप्पा.

आणि डबल म्हणजे काय, तर 40 चे 80, तेही तुम्ही 80 वर्षांचे झाल्यावर. हप्ते 10 वर्षांत विभागून जातात म्हणून पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो, आणि 72 ला वर्षांनी भागलं की डबल होण्याचा वार्षिक दर ढोबळमानाने कळतो, म्हणून 72 भागिले साडेपंधरा, साडेचार टक्क्यांच्या जरा वर. त्यापेक्षा साधी एफडी जास्त देते.

आता तुमचा महिन्याचा खर्च तुम्ही 30 हजार लिहिलाय, पेन्शन 4 हजार. म्हणजे वर्षाला 3 लाखांच्या वर घरखर्चाला काढावे लागणार, त्यात 4 लाख हप्ता, उरलेल्या 34 लाखांचं व्याज धरूनही सातव्या हप्त्याच्या आसपास खातं रिकामं. आणि पुढच्याच वर्षी हप्ता बंद केला तर? नव्या नियमाने पहिल्या वर्षानंतर थोडंफार परत मिळतं, पण 4 लाखांतला बराचसा गेला म्हणूनच समजा.

वाचायचा रस्ता एकच आहे, फ्री लूक. बाँड हातात पडल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते, तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे पैसे (रिस्क प्रीमियम), मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि स्टॅम्प ड्युटी कापून बाकी पैसे परत. 17 गेले, पत्र माझ्यापर्यंत यायला 3 गेले, 10 उरले. त्यातही ईमेल तपासा, पॉलिसी मेलवर आधीच आली असेल तर कंपनी ती तारीख धरायला बघेल. बँकेत जाऊ नका, विमा कंपनीच्या शाखेत जा, लेखी अर्ज, बाँड, कॅन्सल चेक, आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्का मारलेली पोच. तेच मेलवरही पाठवा. कुरिअरचं पाकीट फेकू नका, तारखेचा पुरावा तोच. मॅडम घरी येतील, सर टार्गेट आहे, थोडं थांबा म्हणतील. चहा पाजा, सही करू नका.

पैसे आले की 30 लाख सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये, सध्या 8.2 टक्के, व्याज तिमाहीला मिळतं पण महिन्याला साधारण साडेवीस हजार पडतं. उरलेले 8 लाख एफडीत, त्याचे साडेचार हजार. पेन्शन धरून 29 हजार झाले. तुमच्या खर्चाला हजारभरच कमी पडतात, आणि ते 8 लाख मोडायचे नाहीत कारण कंपनीचा मेडिक्लेम रिटायरमेंटसोबतच गेला असणार, त्यावर वेगळं लिहा मला.

आता मशीन. तो लोकेटर विसरा, दूरवरून जमिनीतलं सोनं ओळखणारं यंत्र म्हणजे शुद्ध बनवाबनवी. साधा डिटेक्टर नाण्याएवढी वस्तू वीतभर खोल पकडतो, तेही आपल्या काळ्या मातीत लोहखनिज असल्यानं उगाच पीं पीं करत. माझ्या मित्रानं कन्हानकडच्या शेतात अख्खा रविवार घालवला, निघालं काय तर बियरची झाकणं, गुटख्याच्या पुड्यांची चांदी आणि बैलाची एक नाल. तो मात्र खूश होता, ती नाल आता त्याच्या टेबलावर आहे.

तेवढ्या आनंदासाठी घ्यायचं असेल तर 25 हजारांच्या आत, रोख, आणि आपल्याच शेतात. ईएमआय 'वसूल होईल' या भरवशावर तर मुळीच नको. समजा खरंच हंडा निघाला, तर 1878 चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आहे, 10 रुपयांच्या वरचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं, लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय सरकारला वाटलं तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन ते विकत घेऊ शकतं. नगरधन, मनसर, काटोल रोडवरची जुनापाणीची शिळावर्तुळं, इकडे तर मशीन घेऊन फिरकूही नका, संरक्षित जागेत परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. यूट्यूबवर तुम्ही पाहता ते इंग्लंडमधले लोक, तिथे 2009 मध्ये स्टॅफर्डशायरच्या शेतात एकाला खजिना सापडला आणि जवळपास 33 लाख पाउंड शेतमालकासोबत वाटून मिळाले, पण तिथला कायदा वेगळा आहे.

तर उद्या सकाळी शाखा उघडताच जा. शिक्का बसलेल्या पोचेचा फोटो पाठवा, या वेळी अंगठ्याशिवाय. मग सांगतो कोणतं मशीन.